साहेबांनी छाटलेला रेझिस्टन्स

नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी झालं आणि आम्ही पुण्याहून गोविंदपुऱ्यात कारखान्याच्या नोकरीवर आलो. कॉलनीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आमचेच साहेब. इंजिनिअरिंगची मोठी पदवी, पण हातात पक्कड कशी धरावी हे कुणी शिकवलेलं नसावं.

गणेशोत्सवासाठी मी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधला होता, कारण त्या वर्षी माझी बायको पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती. महिनाभर ती स्वयंपाक करताना तेच एक पद घोळवत होती. अशा यंत्रात आवाज चालू असताना कर्ण्याची तार सुटली, तर आतला व्होल्टेज भलताच चढतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून मी कर्ण्याच्या दोन तारांमध्ये एक जाडसा रेझिस्टन्स जोडून ठेवला होता. तार सुटलीच, तर भार त्यानं झेलायचा.

दुपारी साहेब पाहणीला आले. "हा कशाला? फुकट आवाज खातोय," म्हणाले आणि माझ्याच पकडीनं तो छाटून टाकला. मी म्हणालो, "बरं साहेब."

संध्याकाळी साहेबांचं स्वागतपर भाषण सुरू झालं. संपेचना. मध्येच त्यांना वाटलं, कर्ण्याचं तोंड अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांकडे हवं. भाषण न थांबवता त्यांनी हातानंच खूण केली. मांडववाला ओरडला, "साहब, तार निकालनी पड़ेगी!" साहेबांनी होकारार्थी मान हलवली आणि माईकमध्ये आणखी जोरात गरजले. मी धावेपर्यंत त्यानं तार उपटली होती. आत चट् झालं आणि जळकट वास सुटला.

मग बायको माईकशिवाय गायली. तिसऱ्या रांगेपलीकडे फक्त बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या. साहेब म्हणाले, "घरगुती मालाचा भरवसा नसतो." सगळ्या होयबांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. साहेबांना मी आजही मूर्ख म्हणतो, पण त्या मांडवात सगळ्यांत लाचार मीच होतो.

साहेबांनी रेझिस्टन्स छाटल्याचं मी तिला वाटेत सांगितलं. घरी आल्यावर तिनं विचारलं, "त्यांनी तो तुकडा काढला, तेव्हा तुम्ही तिथंच होता ना? काय म्हणालात?"

"बरं साहेब, म्हणालो."

तिनं गाण्याची वही ट्रंकेत तळाशी ठेवली आणि माझं पान वाढलं. त्यानंतर ती स्वयंपाक करतानाही कधी गुणगुणली नाही.