मोतीबाईच्या घराचं गिऱ्हाईक

पुंजाजी माळ्याचं सारं आयुष्य दुसऱ्याच्या मळ्यात, नाल्याकाठच्या झोपडीत गेलं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजाराच्या दिवशी शेलूबाजारात नेऊन विकायची. पोरगा रंगराव कर्ता झाला, सून अंजना घरात आली, पण घर कसलं? पावसाळ्यात नाला थेट चुलीपर्यंत चढायचा. गावात कवेलूचं, कौलारू असं एक घर असावं, एवढीच त्याची इच्छा.

बाजाराला लागून मोतीबाईचं घर होतं. दोन खोल्या, अंगण, अंगणात विहीर. मोतीबाई विधवा, एकटी. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. थकल्यावर तिनं किन्हीराजा गावी बहिणीच्या पोराकडे जायचं ठरवलं.

"पुंजा, तूच घे," ती म्हणाली. "तुयी माणसं चांगली हायेत."

पुंजाजी हरखला. पण आठवड्याभरात सोजरबाई, त्याची बायको, बाजारातून तोंड पाडून आली.

"अवो, कापसाचा व्यापारी उदयसिंग घर पाहून गेला. अन् मेडशीचे जानराव बी. आपुन कुठं पुरतो त्यायले?"

पुंजाजीला चैन पडेना. भाव वाढवण्याची त्याची ऐपत नव्हती. मग गिऱ्हाईकच कमी झालं तर?

पुढच्या बाजारी वांगी तोलता तोलता तो जानरावाच्या गड्याला सहज म्हणाला, "घर बेस हाय. पन इहिरीतून लेकराच्या रडन्याचा आवाज येते म्हन्तात."

मोतीबाईचा एकुलता एक पोरगा पूर्वी त्याच विहिरीत पडून मेला होता. गाव ते विसरून गेलं होतं. पुंजाजीनं आठवण करून दिली.

बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. जानराव फिरकला नाही. उदयसिंग हसला, पण त्याच्या बायकोनं उंबरठा ओलांडायला नकार दिला. शेजारणींनी मोतीबाईच्या विहिरीचं पाणी सोडलं. तिच्या अंगणात कोणी टेकेना.

घर पुंजाजीलाच मिळालं, तेही स्वस्तात. सौदा झाला त्या दिवशी मोतीबाई विहिरीच्या काठावर बसली होती.

"पुंजा, खरंच येते रे आवाज. इतके दिस मले कसा ऐकू आला नाई? माय असून?"

ती बैलगाडीत बसून गेली, तरी पुंजाजी विहिरीपाशी उभाच.

बिऱ्हाड हलवायची वेळ आली तेव्हा सोजरबाई अडून बसली. अंजना गरोदर होती.

"त्या घरात मी सुनेले नेत नाई."

"अवं, तसं काई नाई तिथं. मीच उठवलं होतं ते."

सोजरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "मोतीबाईनं सोता मले सांगतलं, आवाज येते म्हून. तुमी आता घरात राह्यासाठी कायी बी बोलून राह्यले."

त्यानं देवाची शपथ घेतली. तिनं ऐकलं नाही. नाल्याकाठी बाळंतपण नको म्हणून रंगराव बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला, तो तिकडेच राहिला.

पुंजाजी पायी किन्हीराजाला गेला. मोतीबाई खाटेवर पडून होती, वाळून काटकी झालेली.

"मावशी, मी लबाड बोललो होतो. इहिरीत काईच नाई. मायी चूक झाली."

ती कष्टानं हसली. "मले बरं वाटावं म्हून सांगून राह्यला नं तू? गुनाचा हाय रे पोरगा. पन मी आयकलं ना. तो मलेच हाका मारते."

"नाई मावशी, खरं सांगतो..."

"त्याले तिथं एकट्याले सोडून आली मी," ती म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवून रडू लागली. तिच्या भाच्यानं पुंजाजीला बाहेर काढलं.

दिवाळीच्या आधी ती गेल्याचं कळलं. पुंजाजीनं घर विकायला काढलं. येईल त्या किमतीला देतो म्हणाला. एकही गिऱ्हाईक आलं नाही. तो नि सोजरबाई नाल्याकाठीच राहिले. घरापायी पोरगा दुरावला, हे तिच्या मनातून जाईना; ती त्याला जेवायला वाढायची, कामापुरतं बोलायची. पुढे तेही कमी होत गेलं.