डंकामागची जागा

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मंगळवार पेठेत आम्ही बायकांनी मिरची कुटायचा डंक टाकला. त्याचं श्रेय लोक मला देतात. कप्पाळ माझं! मी शाळेतली बाई. अर्ज लिहिले, भाषणं ठोकली, झालं. डंक उभा केला तो शेजारच्या अक्कांनी. नवरा गेल्यावर कांदा-लसूण चटणी विकून त्यांनी घर चालवलेलं. पेठेतले डंक सगळे पुरुषांचे, तिथं ताटकळायचा त्यांना वीट आला होता. हातकणंगल्याला नात्यातल्या एकाच्या डंकावर महिनाभर राबून त्या यंत्राचा नट न् नट शिकून आल्या.

उद्घाटनाला मी हळदीकुंकू ठेवलं. बायकांच्या कामाला आणखी काय ठेवणार, एवढीच माझी अक्कल! अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून बटणापाशी उभ्या. सवाष्णी कुजबुजायला लागल्या. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अक्का, शुभकार्य आहे. तुम्ही जरा मागं उभ्या राहता?"

"व्हय की," म्हणाल्या, आणि डंकामागं मिरच्यांच्या पोत्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी बायकांच्या हक्कांवर भाषण केलं, नारळ फोडला, बटण दाबलं. डंकानं दोन ठोके टाकले आणि पट्टाच सुटला. सगळ्यांची तोंडं अक्कांकडं. "सरा बाई, मी चढवतो," म्हणत त्यांनी पट्टा बसवला, डंक चालू करून दिला आणि पदराला हात पुसत परत मागं गेल्या. तेव्हा तरी मी त्यांचा हात धरायला हवा होता. नाही धरला. उलट, बरं झालं, आपण होऊन गेल्या, असं वाटून मला हायसं वाटलं. हे सांगताना आजही मान खाली जाते.

पुढं एरवी वर्षभर डंक त्यांचा, खंडेनवमीला पूजा मात्र आमची. तेव्हाही हळदीकुंकू ठरलेलंच. अक्का न सांगता पोत्यांपाशी जायच्या. यंदा त्यांना पुढं बोलवायचंच, असं मी दर वर्षी ठरवायची आणि दर वर्षी मूग गिळून बसायची.

मग माझे यजमान गेले. त्या खंडेनवमीला कुंकवाचं तबक माझ्यासमोरून तसंच पुढं गेलं. दोष कुणाला देणार? रीत मीच घालून दिलेली. मी उठले आणि डंकामागं गेले.

अक्कांनी एक पोतं बाजूला सारलं.

"या बाई, हितं उभ्या ऱ्हावा," म्हणाल्या. "हितनं समदं दिसतंय."