गडद पिवळ्याचा कागद

बर्था मोय अमेरिकेतल्या वॉटरबरी गावच्या एका कारखान्यात लागली एकोणीसशे एकावन्न साली. पहिली नऊ वर्षं आपल्या हातून किती चिनी माणसं पिवळी झाली, याचा तिला पत्ताच नव्हता.

कामच तसं होतं. न्यूयॉर्कहून कॉमिकची पानं यायची. चित्रं काळ्या रेघांची आणि सोबत त्यांची एक रंगवलेली नक्कल. त्या नकलेवर बारीक अक्षरात कोड लिहिलेले असायचे, आकाशाला कुठला निळा, टोपीला कुठला लाल. एकेका पानामागे प्लॅस्टिकचे नऊ पारदर्शक कागद लागायचे. पिवळा, लाल आणि निळा, आणि प्रत्येकाचे फिकट, मध्यम, गडद असे तीन. एका बाईकडे एकच कागद. आपला रंग जिथे यायचा, तेवढी जागा ब्रशने शाई लावून भरून टाकायची. शाई मात्र सगळ्यांची तपकिरीच. पिवळ्याचं पिवळं व्हायचं ते पुढे छापखान्यात, आणि तिकडे बघायला कोण जातंय?

बर्थाकडे गडद पिवळा होता. सूर्य, टॅक्सी, लोण्याचा गोळा, कॉमिकचा नायक कॅप्टन हॅलार्ड याच्या कोटाचं अस्तर. आणि ज्या चेहऱ्यावर नुसता 'वाय', म्हणजे गडद पिवळ्याचा कोड, लिहिलेला असेल तो चेहरा. इतर माणसांचे चेहरे तिच्याकडे यायचेच नाहीत. ते फिकट पिवळा आणि फिकट लाल मिळून व्हायचे, म्हणजे रोझ पेत्राउस्कास आणि असुंता काफारो या दोघींच्या ब्रशाखालून. तिघी एकाच लांब टेबलाला बसायच्या. टेबलाची काच खालच्या दिव्याने उजळलेली.

साठ सालच्या ऑगस्टमध्ये असुंता आठवडाभर समुद्रावर राहून आली. दुपारी डबे उघडल्यावर रोझने तिचा हात ओढून काचेवर ठेवला.

"बघा गं बघा, भाजून आणलीये नुसती! बर्था, ठेव तुझा हात शेजारी."

बर्थाने ठेवला. असुंताचा हात तिच्याहून दोन छटा गडद होता. रोझचा गुलाबी, त्यावर तांबूस ठिपके. भिंतीवर रंगांचा तक्ता टांगलेला होता. रोझ उठली, तो काढून आणला आणि बर्थाच्या मनगटाशी धरला.

"अगं, तू तर माझ्याच घरातली! फिकट पिवळा, फिकट लाल. त्या वू कानवर तर तू सूर्याचा रंग ओततेस!"

सगळ्या खदखदून हसल्या. वू कान म्हणजे कॅप्टन हॅलार्डचा वैरी, लांब नखांचा आणि कटोरीसारख्या टोपीचा. त्याची फौजही पिवळी, स्वयंपाकीही पिवळा. रोझच्या मनात काही वाईट नव्हतं. बर्थाला ते ठाऊक होतं, पण ती स्वतः चिनी, तिला हसू आलं नाही. घास तोंडातच फिरत राहिला.

त्या संध्याकाळी तिने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून कॉमिक विकत घेतलं, आयुष्यात पहिल्यांदाच. बाबांच्या लाँड्रीच्या पायरीवर बसून वाचलं. वू कानचा स्वयंपाकी म्हणत होता, "बलोबल, मालक! सूप तयाल कलतो!" बर्थाचे बाबा सोळाव्या वर्षी चीनमधल्या तोयसानहून आले होते. त्यांची इंग्रजी मोडकी होती, पण असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. आणि त्या स्वयंपाक्याचा चेहरा पिवळाधमक. शेजारच्याच चौकटीत टॅक्सी होती. दोघांत रंगाचा तसूभर फरक नव्हता. दोन्ही तिनेच भरलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोरमन डोनेगनसमोर उभी राहिली. डोनेगन साठीचा, पोटाने मोठा, स्वभावाने बरा.

"मिस्टर डोनेगन, ह्या चेहऱ्यांना दुसरा कोड नाही का लावता येणार?"

"कुठल्या चेहऱ्यांना?"

"चिन्यांच्या."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "का, काय झालं त्यांना?"

"पिवळे आहेत."

"मग?"

"माणूस असा नसतो. माझ्याकडे बघा ना."

डोनेगनने तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली, जणू एखाद्या बाईने आपलं दुखणंखुपणं दाखवायला काढावं. "बर्था, तुझा मुद्दा मला कळतोय गं. पण रंग आपण ठरवत नाही. वरून जे लिहून येतं ते आपण भरतो. आणि खरं सांगू? पिवळा नसला तर पोरांना कळणार कसं, की हा चिनी आहे म्हणून?"

"नाव वू कान आहे की त्याचं!"

"नाव कोण वाचतंय?"

बर्थाने न्यूयॉर्कला फोन लावला. तीनदा कुणीतरी थांबायला सांगून गायब झालं. चौथ्या दिवशी संपादकांचा सहायक लाइनवर आला, गोड आवाजाचा. तिने सगळं मांडलं. तो अगदी शांतपणे ऐकत होता.

"मॅडम, तुमचं मन मोठं आहे. पण गंमत सांगू? आजवर एकाही चिनी माणसाने तक्रार केलेली नाही."

"मी करतेय ना!"

"हो, पण तुम्ही... मोय म्हणजे आयरिशच ना?"

"चिनी," बर्था म्हणाली.

तो म्हणाला, "अरे वा! बोलण्यावरून मुळीच वाटत नाही हो," आणि संपादकांच्या कानावर घालतो असं सांगून त्याने फोन ठेवला. कानावर घातलं की नाही, देव जाणे. पुढच्या महिन्यातही वू कान तसाच आला.

बर्थाचं डोकं भणभणायला लागलं. ब्रश हातात घेतला की आता प्रत्येक चेहरा दिसायचा. तिला वाटायचं, एखादा चेहरा सोडूनच द्यावा. पण तिने एकटीने सोडला तर तिथे कुठलाच रंग पडणार नव्हता. माणूस कागदासारखा पांढराफटक छापला गेला असता, भुतासारखा. चेहरा माणसासारखा व्हायला तीन बायकांनी मिळून चूक करायला हवी होती.

नोव्हेंबरात जी पानं आली त्यात एक नवीन बाई होती. डॉक्टर लिन. डोंगरातल्या दवाखान्यात ती कॅप्टन हॅलार्डच्या खांद्यातली गोळी काढते. सरळ बोलणारी, शहाणी, पांढऱ्या कोटातली. तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवरही तोच 'वाय'. कॅप्टनच्या गुलाबी खांद्यावर तिची पिवळी बोटं.

"ही तर चांगली आहे!" बर्था टेबलावर हात आपटून म्हणाली. "हिने काय घोडं मारलंय?"

रोझ लगेच तयार झाली. "मी भरते माझ्या कागदावर. असुंता, तू?"

असुंताने ब्रश खाली ठेवला. "मला यात ओढू नका. घरी चार तोंडं आहेत माझ्या. आणि आम्हा इटालियनांना तरी कोण सोडतंय? गुंड म्हटला की नावाच्या शेवटी 'ओ' आणि खिशात लसूण! मी कधी बोंब मारली?"

"तुझ्या गुंडाचा चेहरा आणि कॅप्टनचा चेहरा एकाच शाईचा असतो, असुंता. तू स्वतः भरतेस."

"मग माझ्यावर कशाला ओरडतेस?"

"तुझ्यावर नाही गं ओरडत!"

"आवाज तर माझ्याच कानात शिरतोय."

दिवसभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बर्थाने मात्र डॉक्टर लिनच्या सात चौकटी कोऱ्या सोडल्या. चारला कागद गोळा करायला डोनेगन आला, तेव्हा असुंताने आपला कागद सगळ्यांत शेवटी दिला. देताना बर्थाकडे न बघताच पुटपुटली, "सातही. मोजून भरल्यात. आता माझ्याशी बोलू नकोस."

मार्चमध्ये अंक आला. डॉक्टर लिन कॅप्टनच्या शेजारी उभी होती, त्याच्याच रंगाची. छपाई जरा सरकली होती आणि ओठांचा लाल हनुवटीवर उतरला होता, पण चेहरा माणसाचा होता. बर्था अंक घेऊन लाँड्रीत धावत गेली. बाबा इस्त्री करत होते.

"बाबा, ही बघा."

"कोण आहे?"

"डॉक्टर. चिनी डॉक्टर."

बाबांनी पान उजेडात धरलं. "चिनी? मला वाटलं, आपल्या त्या पोस्टमास्तरांची सून."

"बाबा!"

"अगं पोरी, पिवळी कुठंय? यांच्या पुस्तकात आपण पिवळे असतो ना."

"तुम्ही आहात का पिवळे?"

बाबांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. चाळीस वर्षं सोड्याच्या पाण्यात राहून बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती. "मी तर धुऊन निघालोय," ते म्हणाले आणि पुन्हा इस्त्री उचलली. त्यांनी ते हसत म्हटलं होतं. बर्था मात्र मागच्या खोलीत जाऊन चडफडत बसली. बाहेरच्यांशी भांडता येतं. घरातल्या माणसाच्या डोक्यातही तोच रंग बसलेला असेल तर कुठे जायचं?

जूनच्या अंकात वाचकांच्या पत्रांचं पान होतं. ओहायोहून कुणीतरी लिहिलं होतं की मार्चच्या अंकात डॉक्टर लिन गोरी छापलीय, ही घोडचूक आमच्या नजरेतून सुटलेली नाही. खाली संपादकांचं उत्तर होतं. 'शाबास! आमच्या रंगाऱ्याला त्या दिवशी डुलकी लागली असावी. लवकरच डॉक्टर लिन आपल्या खऱ्या रंगात परत येईल.'

खऱ्या रंगात! बर्थाने ते तीनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकाला गेली.

अंकापाठोपाठ डोनेगनला न्यूयॉर्कचं पत्र आलं. त्याने तिघींना आपल्या खोलीत बोलावलं.

"एकीचा हात चुकला असता तर मी समजून घेतलं असतं. तिघींचे हात एकाच जागी कसे चुकले?"

रोझ छताकडे बघायला लागली.

"मी सांगितलं त्यांना," बर्था म्हणाली. "माझं काम आहे ते."

डोनेगनने सुस्कारा टाकला. त्याने तिला काढून टाकलं नाही. ते त्याला जमलंही नसतं, कारण तिच्यासारखा स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याने तिचा कागद तेवढा बदलला. सोमवारपासून बर्थाकडे गडद निळा, म्हणजे रात्रीची आभाळं, समुद्र, पोलिसांचे गणवेश. एकही चेहरा नाही. गडद पिवळा एका नव्या मुलीकडे गेला, नुकत्याच शाळा सोडून आलेल्या. ती बिचारी च्युइंगगम चघळत, गाणं गुणगुणत वू कानचं तोंड भरायची. बर्था समोरून बघायची.

तेव्हापासून तिने पत्रं लिहायला सुरुवात केली, वाचकांच्या पानासाठी, नाव-पत्त्यासकट. 'मी चिनी आहे, वॉटरबरीत जन्मले, आणि तुमच्या पुस्तकातली माणसं मी आजवर कुठेही बघितलेली नाहीत.' सुरुवातीला लांबलचक, रागाने भरलेली. मग छोटी. मग नुसत्या दोन ओळी. एकही छापून आलं नाही. एकदा एक कार्ड आलं. त्यावर कॅप्टन हॅलार्डचं चित्र, छापील सही, आणि 'तुझ्यासारख्या मित्रामुळेच मी लढतो!' असं लिहिलेलं. रोझने ते कार्ड बघितलं आणि तिला हसू आवरेना. मग बर्थाचा चेहरा बघून तिने कार्ड खाली ठेवलं.

"सोडून दे गं, बर्था. किती जिवाला लावून घेशील? कॉमिक आहे. पोरं वाचतात आणि फेकून देतात."

"फेकून देतात, पण आधी वाचतात ना?"

बारा वर्षं गेली. बाबा वारले, लाँड्री बंद झाली, डोनेगन निवृत्त झाला. त्र्याहत्तर साली न्यूयॉर्कला नवा संपादक आला, तरुण, लांब केसांचा. त्याने पहिल्याच महिन्यात हुकूम काढला की यापुढे आशियाई माणसांना गडद पिवळा लावायचा नाही. आणि हे सांगायला तो स्वतः गाडी चालवत वॉटरबरीला आला, सोबत केक घेऊन. त्याला कुणीतरी बर्थाची गोष्ट सांगितली होती.

"मिस मोय, हे खरं तर तुमचंच यश आहे," तो म्हणाला आणि नव्या कोडचा कागद तिच्या हातात दिला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. असुंताने डोळे पुसले. बर्थाने कोड वाचला. मध्यम पिवळा, फिकट लाल. बावीस वर्षं काम केलेली बाई ती, तिला तक्त्याकडे बघायची गरज नव्हती.

"हा लाकडी खोक्यांचा रंग आहे," ती म्हणाली.

"अं?"

"खोकी. गोदीवरच्या पेट्या. खुर्च्यांनाही हाच लावतो आम्ही. बाकीच्या माणसांना लावतो तो फिकट पिवळा. आम्हाला तो का नाही?"

तो गोंधळला. "अहो, पण थोडा तरी फरक दिसायला हवा ना? नाहीतर वाचकाला..."

"कळणार कसं, हेच ना?"

"हे पहिलं पाऊल आहे, मिस मोय. एका दिवसात सगळं नाही होत."

"मग किती दिवसांत होईल, ते सांगा. मी लिहून घेते."

त्याने कॅमेरा आणला होता. तिने नवा कोड हातात धरून उभं राहावं, छापखानेवाल्यांच्या मासिकात फोटो देऊ, असं त्याच्या मनात होतं. बर्था नाही म्हणाली. त्याने दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा रोझच मध्ये पडली आणि म्हणाली, "जाऊ द्या साहेब, तिला कामं आहेत." त्याचा चेहरा उतरला. खरोखर वाईट वाटलं होतं त्याला. बर्थाला तेही दिसलं, आणि त्यामुळेच ती जास्त वैतागली. हा भला माणूस होता, आणि भल्या माणसावर धड ओरडताही येत नाही.

गाडी गेल्यावर असुंताने केक कापला आणि एक तुकडा बर्थासमोर ठेवला.

"खा. आपण काय, खोक्याच्या रंगासाठी भांडलो?"

"तू भांडलीसच कुठे? सात चौकटी भरल्यास फक्त."

"मोजून भरल्या होत्या," असुंता म्हणाली.

बर्थाने केक बाजूला सरकवला, दिवा लावला आणि ब्रश पाण्यात बुडवला. चारला पानं जायची होती, आणि एक आख्खा समुद्र भरायचा राहिला होता.