पुन्हा पाहणे

नागोराव तीन वर्षं माझ्या दुकानात येत होते, पण खुर्चीवर बसलेलं मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानंच प्यायचे, बशीत ओतून, आणि पिता पिता भिंतीवरचे नकाशे वाचायचे. "बसा हो, तुमच्याकडे पाहून मलाच दम लागतो," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसलो त झाडं कोन मोजन, सायब?"

आदिलाबादच्या बसस्टँडजवळ माझं नकाशे काढायचं दुकान आहे. शेताचे प्लॉट पाडायचे तर लेआउटचा नकाशा लागतो, आणि जागेतलं प्रत्येक मोठं झाड त्यावर दाखवावं लागतं. जिवंत झाड शक्यतो राखायचं, तोडलंच तर बदल्यात नवी लावायची, असा नियम. वाळलेल्या झाडाला यातलं काही लागू नाही. नागोराव नगरपालिकेत झाडं मोजायच्या कामावर होते. हातात चुन्याचा डबा, खिशात गाठी मारलेली सुतळी. बुंध्याला सुतळी गुंडाळायची, गाठी मोजायच्या, चुन्यानं आकडा टाकायचा आणि पुढच्या झाडाकडे जवळजवळ पळतच सुटायचं. झाडांच्या यादीवर दोन सह्या लागत: मोजणाऱ्याची आणि नकाशा काढणाऱ्याची, म्हणजे त्यांची आणि माझी.

त्यांची यादी कधी वेळेवर यायची नाही. निष्पर्ण झाड दिसलं की ते महिनाभरानं परत तिथं जायचे. कागदावर 'जिवंत' आणि 'वाळलेले' असे दोनच रकाने छापलेले. नागोराव मध्येच आपल्या हातानं लिहायचे, 'पुन्हा पाहणे'. तोवर गिऱ्हाईक माझं डोकं खायचं. एकदा मी भडकलोच. "एवढं काय पाहायचं असतं हो दुसऱ्यांदा?"

त्यांनी ओठाशी नेलेली बशी खाली घेतली. मग म्हणाले, "नवा नवा होतो, सायब. माघ महिन्यात एक मोह पायला. पान नाई, काई नाई. लिवलं, वाळलेला. आठ दिवसानं गेलो त तोडून आडवा पाडला होता, अन् फांद्याच्या शेंड्याले कळ्या. पडल्या पडल्या फुगून राह्यल्या होत्या. एक म्हातारी तिथीच बसून होती. मले म्हने, माह्या झाडाले काय झालं होतं, बापू? काय सांगू मी तिले?" चहा अर्धा ठेवून ते निघून गेले. त्यानंतर मी घाई केली नाही असं म्हणालो तर खोटं होईल, पण आवाज मात्र चढवला नाही.

गेल्या वर्षी इचोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेटनं कापसाचं शेत घेतलं. शेताच्या मधोमध एकच मोह होता, एका बाजूनं पोखरलेला आणि अगदी उघडाबोडका. मी नकाशात काढलेला मोठा रस्ता नेमका त्याच्यावरून जात होता. झाड जिवंत ठरलं तर रस्ता वाकणार आणि कोपऱ्यावरचे दुकानाचे प्लॉट जाणार. शेट म्हणाला, "साहब, सूखी लकड़ी है, लिख दो ना." नागोरावांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा. त्यांनी बुंध्याला सुतळी लावली, वर पाहिलं, यादीत लिहिलं, 'पुन्हा पाहणे', सही केली, आणि बांधावरून उतरताना पडले. मांडीचं हाड मोडलं. निरोपाचा हार त्यांच्या गळ्यात खाटेवरच पडला.

त्या माणसाला खाटेवर बघवत नव्हतं. बोटं सारखी सुतळीच्या गाठी सोडायची आणि परत मारायची. मी गेलो की पहिला प्रश्न, "पायला का मोह?" इकडे शेट रोज दुकानात येऊन उभा. त्यांच्या जागी आलेला नवा माणूस माझ्या शब्दावर सही करायला तयार होता, म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं होतं. नागोरावांची बायको मला दाराशी म्हणाली, "भाऊजी, हे रातभर निजत नाईत. एकबार पायून या, मंजे यांच्या जिवाले सुख लागन."

मी सोपा रस्ता धरला. चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं तेव्हा सांगून टाकलं, "पाहिला. वाळलेलाच आहे."

"खाली झाडलेलं होतं?"

"कसलं झाडलेलं? ढीगभर पाचोळा पडलाय."

सुतळीवरची त्यांची बोटं थांबली. "वाळला असन त पाचोळा कुठून येईन, सायब? अन् जिता असन त लोकं फुलासाठी खाली झाडून ठेवतेत. तुमी गेलेच नाई." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलो, जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच स्कूटर काढली. मोहाखालची जमीन घराच्या अंगणासारखी स्वच्छ झाडलेली होती. वर एक पान नाही, आणि फुलं टपटप पडत होती. दोन बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. त्यातली एक ओरडली, "चपला तिकडं काढा, भाऊ! फुलं तुडवून राह्यले तुमी." मी चपला काढल्या. रुमालभर फुलं मागून घेतली आणि तडक नागोरावांचं घर गाठलं.

त्यांनी रुमाल नाकाशी धरला. एक फूल तोंडात टाकलं, सावकाश चावलं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या खाटेच्या कडेला टेकलो.

"बसून काऊन राह्यले, सायब?" ते म्हणाले. "लिवा ना जाऊन."

मी गेलो आणि त्यांच्या अक्षराखाली लिहिलं, 'पाहिले. जिवंत.' रस्ता वाकवला. शेट तोंडाला येईल ते बोलला आणि दुसऱ्याकडून नकाशा काढून घेईन म्हणाला. पण यादीवर नव्या माणसाची आणि माझी सही झाली होती, मोह राहिला. नागोराव मात्र महिन्याभरात गेले. वाकवलेला नकाशा त्यांना नेऊन दाखवायचा होता, तेवढं राहून गेलं.

परवा एका यादीत मी माझ्या हातानं लिहिलं, 'पुन्हा पाहणे'. समोरचं गिऱ्हाईक भडकलं, एवढं काय पाहायचं असतं म्हणालं. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि माझा उभ्यानंच प्यायलो.