दोरीतला गहू

गावात तिला सगळे वजनबाई म्हणत. शेतकी खात्यात तिचं कामच ते. सोडतीत निघालेल्या शेतात चार खुंट्या ठोकायच्या, दोरीने चौकोन आखायचा आणि पीक तयार झालं की तेवढ्यातलंच धान्य कापून तोलायचं. गावाचं पीक किती बुडालं आणि भरपाई मिळणार की नाही, हे त्या वजनावर ठरे. एवढ्याशा तुकड्यावर अख्ख्या गावाचा न्याय! प्रत्येक शेतात उतरायला सरकारला सवड कुठली?

यंदा पावसाने दगा दिला आणि सोडतीत नेमकं तिच्या सख्ख्या भावाचं शेत निघालं. खुंट्या ठोकल्यापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. लोक नावं ठेवतील म्हणून ती त्याच्या शेताकडे की घराकडे पुन्हा फिरकलीही नाही. कापणीच्या सकाळी मात्र साहेबांच्या आधी पोचली आणि बांधावरच थबकली. सगळं शेत करपलं होतं. दोरीतला गहू तेवढा ओंब्यांनी वाकला होता.

"दादा, हे काय करून ठेवलंस?"

"काय म्हणजे? विहिरीत होतं नव्हतं ते पाणी आणून घातलं. तुझे साहेब येणार, त्यांना काय वाळकं पीक दाखवू? नाक कापलं गेलं असतं माझं. तुझंसुद्धा."

"हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं ना!"

"हात कुठे लावला? पाणीच तर घातलं."

हसावं की रडावं, तिला कळेना. ती बांधावरून नुसत्या येरझाऱ्या घालत राहिली. गप्प बसावं तर गावाच्या तोंडचा घास जाणार. बोलावं तर ढवळाढवळ केली म्हणून दादा भरपाईतून बाद. मनातल्या मनात तिने नियम करणाऱ्यांना शिव्या घातल्या.

साहेब आले ते खुशीतच. "वा! इथे तर झकास पीक आहे. चला, उरका."

बांधावर जमलेल्या शेजाऱ्यांचे चेहरे पडले. पण बहिणीसमोर भावाविरुद्ध तोंड कोण उघडणार?

तिने विळा उचलला, वाकली आणि तशीच उठली. "साहेब, थांबा. याला वेगळं पाणी घातलंय. हे वजन धरता येणार नाही."

"कोणी घातलं?"

तिने विळा खाली ठेवला.

"मी घातलं," दादा पुढे आला. "चोरून नाही, दिवसाढवळ्या."

"मग तुमचं नाव कटलं. बाई, सोडतीतलं पुढचं शेत घ्या."

"म्हणजे पीक जगवलं, हा गुन्हा झाला?" दादाने विचारलं.

साहेब मोबाईलमध्ये बघू लागले. ती खाली बसून खुंट्या उपटू लागली. एक काही केल्या हलेना, तेव्हा दादाने येऊन ती हिसका देऊन काढली आणि तिच्या हातात दिली.

"वहिनीने तुझंही जेवण केलंय," तो म्हणाला. "आता तरी घरी येशील ना?"

ती हो म्हणाली, पण त्याच्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही.