परसातली चूल

"मावशी, हात लावू नका म्हणून काल चारदा सांगितलं होतं!"

"मग हात कुठं लावला? सारवली फक्त."

"फक्त?"

"शिळ्या राखंची चूल दारात तशीच ठिवायची व्हय गं? कुणाच्या घरात चालतंय?"

अंतरा खड्ड्यात उकिडवी बसली होती. काल उजेड जाता जाता, माणूसभर खोलीवर तीन दगड लागले होते आणि मधोमध राख. फोटो, राखेचा नमुना, सगळं सकाळच्या उन्हात करू म्हणून तिनं ताडपत्री टाकली होती. आता तिच्यापुढं शेणानं गुळगुळीत केलेली चूल होती, वर हळदकुंकवाची बोटं.

बयाबाईच्या घरामागच्या उंचवट्याला सगळं गाव गढी म्हणायचं, पण गढी होती याचा पुरावा कुणाकडंच नव्हता. नव्या रस्त्याची आखणी त्या उंचवट्यावरून आणि बयाबाईच्या घरावरून गेली होती. त्याआधी तीन खड्डे घेऊन बघायला पुरातत्त्व खात्यानं अंतराला पाठवलं होतं. खरंच जुनं काही निघालं तर रस्ता पलीकडून वळणार. पहिले दोन कोरडे गेले. गावानं घरं लिंपायला तिथली पांढरी माती कधीच उकरून नेली होती. तिसरा बयाबाईच्या परसात घेतला आणि त्यात चूल निघाली. घर वाचलं म्हणून काल तिनं गल्लीत साखर वाटली.

"राख कुठाय?"

"उकिरड्यावर. आमच्या न्हाणीच्या चुलीची बी तिथंच टाकतो मी."

"त्याच ढिगात?"

"मग राखंला दोन उकिरडं करू व्हय?"

कडेला उभ्या कृष्णातनं कपाळावर हात मारला. आईच्या घरासाठी हुपरीच्या चांदीच्या कामावर दांडी मारून त्यानं आठवडाभर या खड्ड्यातली माती उपसली होती. "आये, काय करून बसलीस गं?"

चंदगडहून नवी नवरी होऊन आली, त्याच दिवशी सासूनं बयाबाईच्या हातात पोतेरं दिलं होतं. तेव्हापासून राख काढून चूल सारवल्याशिवाय तिनं जाळ घातला नाही. नवरा गेला तेव्हा सुतक फिटल्यावर आधी चूल सारवली. महापुरानंतर छावणीतनं आली ती गुडघाभर गाळात उतरली, आणि भिंत पडलीय की उभी हे न बघता चूल शोधली. घरात गॅस आला तरी भाकरी चुलीवरच.

"झोपच लागंना बघ," ती आता खालच्या आवाजात बोलली. "म्हटलं, कोण बाई आसंल? राख न काढता उठून गेली ती. काय बेतलं आसंल तिच्यावर? तांबडं फुटायला उतरलो, पोतेरं फिरवलं. एक दगुड कलला हुता, त्योबी नीट बशिवला."

"दगडही हलवलात?"

"मातीनं लिंपून घट केला की."

अंतरानं डोळे मिटले. "मावशी, राखेतल्या कोळशावरून काळ कळतो. आता ही चूल परवाचीच दिसते. दुपारी खात्याचे साहेब येतील. त्यांना काय दाखवू?"

"मी सांगतो त्यास्नी. सारवली मी, पर चूल तिचीच हाय. माझ्या शब्दाला काय किंमत न्हाय व्हय?"

"शब्दावर रस्ता वळत नाही."

"मग पुसून काढतो. आत्ता. पाणी आण रं कृष्णात!"

"राहू दे, आये."

"आरं, राहू दे काय? माझं घर हाय ते!" पदरानंच ती दगड घासायला लागली. शेण अजून ओलं होतं. घासलं तसं ते दगडाच्या भेगांत आणखी आत गेलं. हिरवा पदर हातात धरून तिनं वर बघितलं.

"पोरी, तू तर काल बघितलीस न्हवं राख? तुझ्या डोळ्यांनी? मग तू सांग की त्यास्नी. सांगशील न्हवं?"

अंतरानं वहीत तिसऱ्या खड्ड्यापुढं 'पुरावा नाही' लिहिलं, ब्रश पिशवीत टाकला, ताडपत्रीची घडी काखेत मारली, शिडी चढली आणि रस्त्याकडं चालू लागली.