न्यूट्रलची तार

आबा गेल्याचा फोन दिनकरनं केला, म्हणून आधी माझा विश्वासच बसेना. दिनकर हा आबाचा सख्खा धाकटा भाऊ. पण मी आबाचा दोस्त, त्यामुळे गेल्या चार वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. "पहाटं गेला," एवढंच म्हणाला. डोक्यात रक्तस्राव झाला होता, सांगलीच्या दवाखान्यात दोन दिवस काढले... या गोष्टीला आता महिना होत आला. आबावर लिहायचं म्हणजे त्याच्या हाताबद्दल लिहायला हवं. तो हात कुणावर कधी उठेल याचा नेम नसे, आणि सबंध आयुष्यात एकदाच तो उठायचा असताना उठला नाही.

पलूसजवळ कृष्णाकाठी त्यांचं गाव. आबा लष्करात नावा चालवायचा. पेन्शन घेऊन आला तो कपाळात राग घेऊनच. उसाच्या बांधावरून दोघा भावांत वाद होता. एका सकाळी दिनकरनं बांध कोरला, आबानं खोऱ्याच्या दांड्यानं त्याचं मनगट मोडलं, आणि दिनकरच्या डाव्या हातातला कोयता आबाच्या उजव्या खांद्यात रुतला. दोघांची म्हातारी आई मध्ये पडली, तिच्या लुगड्यावर दोन्ही लेकांचं रक्त. पुढं ती दिनकरकडे वस्तीवर राहिली आणि आबाला ते दार बंद झालं. आईला बघायचं तर तो नदीच्या बाजूनं, नावेतून, लांबूनच बघायचा. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. म्हातारी हात वर करायची आणि हा खाली मान घालायचा.

माझी त्याची ओळख झाली ती त्याच नावेच्या इंजिनापायी. मी आयटीआयला वायरिंग शिकवायचो. हे इंजिन त्यानं भंगारातून आणलेलं, चाळीसेक वर्षांचं, नावेच्या मागं टांगायचं. त्याला दोरी ओढूनही चालू करता येतं, पण कोयत्याच्या त्या घावानं आबाचा खांदा वर जात नव्हता. म्हणजे किल्लीचा स्टार्टर चालला तरच नाव चालणार. किल्ली फिरवली की आतून नुसतं 'टक्' व्हायचं. आबा चिडून पान्यानं स्टार्टरवर हाणायचा. मी पाना काढून घेतला तर मलाच ढकललं. मग मी मीटर लावलं. बॅटरी ठणठणीत, स्टार्टरपर्यंत करंट पोचत होता, पण किल्ली धरली की बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचं अंग यांच्यामध्ये आठ व्होल्ट दिसायचे. तिथं शून्याच्या आसपास दिसायला हवं. या दोन्हींना जोडणारी अर्थिंगची जाड केबल वरून चांगली, आतून हिरवी पडून सडलेली. ती बदलली आणि इंजिन पहिल्या फटक्यात धडधडलं. आबा मागं सरकून बसला, म्हणाला, "मास्तर, म्या चार वरीस नुसताच ह्याला मारत बसलो." त्या दिवसापासून तो माझा दोस्त.

मग चार वर्षांपूर्वी तो महापूर आला. वस्तीवर पाणी चढलं, दिनकर, त्याची बायको सुमन आणि म्हातारी कौलांवर बसलेले आहेत, अशी खबर आली. आम्ही नाव रस्त्याच्या उतारावरून पाण्यात लोटली. आबानं किल्ली फिरवली. काहीच नाही. या खेपेला 'टक्'सुद्धा नाही. मी इंजिनाच्या वायरिंगचा बोर्ड उघडून बसलो. एवढ्यात पलीकडच्या मळ्यातली चार-पाच माणसं पाण्यातून धावत आली. त्यांचीही माणसं अडकलेली. त्यातल्या एकानं किल्लीला हात घातला, आबानं वल्हं त्याच्या तोंडावर मारलं. दात पडलेले मी पाहिले. मग सगळे आबावर तुटून पडले. कुणी काठीनं, कुणी बुक्क्यांनी. त्याचं डोकं नावेच्या काठावर आपटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि मी मात्र खाली मान घालून मीटर धरून होतो. उठून मध्ये पडलो नाही. सापडलं ते असं: गिअरचा दांडा मध्ये, म्हणजे न्यूट्रलला असेल तरच स्टार्टरला करंट सोडणारा एक छोटा स्विच असतो, तो पाण्यानं गेला होता. गिअर पडलेला असताना इंजिन चालू होऊन नावेनं उडी मारू नये म्हणून तो असतो. दुसरा स्विच तिथं कुठला? मी वीतभर तार घेतली आणि स्विचची दोन्ही टोकं तिनं थेट जोडून टाकली. इंजिन लागलं. आवाज होताच मारणारे थांबले, आणि रक्तबंबाळ आबानं त्यांनाच सांगितलं, "पयल्यांदा माझी आई. मग तुमची समदी आणतो."

निघताना मी त्याला ओरडून सांगितलं, "आबा, आता किल्ली फिरवायच्या आधी दांडा मध्ये आहे का बघत जा." त्याच्या कानातून रक्त येत होतं. त्याला ऐकू गेलं का, हे मी बघितलं नाही.

आम्ही दोघं वस्तीशी पोचलो. पाण्याला ओढ अशी की नाव कौलांवर आपटत होती. इंजिनाच्या पंख्यात शेतातली ठिबकची नळी गुंतून इंजिन बंद पडलं. मी पुढं दोर धरलेला. आबानं वाकून नळी कापली. सुमन नावेत उतरली होती. दिनकर आईला काखेत धरून उतरवत होता, तिचा एक पाय नावेत, एक कौलावर. आबानं मागं हात नेऊन किल्ली फिरवली. दांडा गिअरमध्येच होता. नाव घोड्यासारखी उधळली, माझ्या हातातला दोर कातडी घेऊन गेला, आणि म्हातारी भिंत आणि नावेच्या मध्ये पाण्यात गेली. दोघं भाऊ एकदमच उड्या टाकून खाली गेले. दिनकर वर आला. आबा दुसऱ्यांदा गेला, तिसऱ्यांदा गेला... आई तिसऱ्या दिवशी उसात सापडली.

त्या दिवशी काठावर आल्या आल्या दिनकरनं आबाला मारायला सुरुवात केली. साऱ्या गावादेखत. वाकड्या मनगटाच्या हातानं, लाथांनी, शेवटी वल्ह्यानं. "आईला खाल्लंस" एवढंच तो म्हणत होता. आणि आबा, ज्यानं आयुष्यात कुणाचा एक ठोसा परत केल्याशिवाय ठेवला नाही तो, हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. पुढं पोलिसांनाही त्यानं सांगितलं, "इंजिन चांगलं हुतं, चूक माझ्या हाताची." त्या दिवशी त्याच रक्ताळलेल्या तोंडानं तो पुन्हा पाण्यात गेला आणि मळ्यातली माणसं आणली. पण गावात त्याचं नाव पडलं ते आईला मारणारा म्हणूनच. पुढं एकदाच मी विषय काढला. तो म्हणाला, "तुमी सांगितलेलं मला ऐकू आलं हुतं, मास्तर." खरं असेल. मला धीर द्यायला बोलला असेल. मला आजही ठरवता येत नाही.

तेराव्यानंतर मी आबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो, तर दिनकर तिथं उभा. इंजिन लाकडी घोडीवर टांगलेलं, तेलपाणी केलेलं. मी बोर्ड उघडला. आत आबानं नवा स्विच बसवलेला होता, स्वच्छ, तारांना कथलाचा व्यवस्थित डाग दिलेला. माझ्या तारेचा मागमूस ठेवला नव्हता. मी गप्प बसलो असतो तर जगात कुणालाच कधी कळलं नसतं... मी दिनकरला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्या मुस्काटात अशी दिली की मी पत्र्यावर आदळलो. पुन्हा हात उचलला, मग तो हात तसाच इंजिनावर ठेवून खाली बसला. मग म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय हुतंय? म्या त्याला समद्या गावाम्होरं मारला. तुमी बी समद्यांम्होरं सांगा."

ती तार मी जोडली होती.